कर वीस तारखेला, पैसे कधी?

भिलाईतल्या खुर्सीपारसारख्या वस्तीत छोटा कारखाना किंवा छोटा ठेका चालवणाऱ्याचा महिना तारखांनी बांधलेला असतो. सात तारखेला कामगारांचा पगार आणि कापलेला टीडीएस. अकराला जीएसटीचे विक्रीचे विवरण. पंधराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय. वीस तारखेला जीएसटीचा भरणा, तिमाही पर्याय घेतला असेल तर पंचवीसला. या सगळ्या तारखा कायद्यात लिहिलेल्या आहेत. त्या चुकल्या की व्याज, विलंबशुल्क किंवा नोटीस संगणकातून आपोआप निघते. एक तारीख मात्र पक्की नसते, ती म्हणजे केलेल्या कामाचे पैसे हातात येण्याची.

२०२४ ते २०२६ या काळात कर, बँका, कामगार आणि कंपनी कायदा या चारही आघाड्यांवर इतके बदल झाले की सीएच्या कार्यालयातही दर महिन्याला नवा तक्ता लावावा लागतो. त्यातले बरेच बदल चांगले आहेत, काही तर फार दिवसांपासून हवे होते. पण दर किती उतरला, फॉर्म किती कमी झाले, एवढ्यावर त्यांचा हिशेब संपत नाही. त्यांच्यामुळे छोट्या माणसाचे अडकलेले पैसे लवकर सुटतात की आणखी अडकतात, याच कसोटीवर मी ते इथे घासून पाहणार आहे.

खुर्सीपार निवडण्याला कारण आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि कारभार भोपाळला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशभरातून माणसे इथे आली. तेलुगू, ओडिया, मल्याळी, बंगाली आली, तशी विदर्भातली मराठी माणसेही आली. खुर्सीपार ही त्या कारखान्याच्या कुशीतली कामगार वस्ती. जवळच नंदिनी रोडचा औद्योगिक परिसर आहे, पलीकडे हथखोजचा. पोलाद कारखाना पाइपलाइन, स्ट्रक्चर, सुटे भाग आणि दुरुस्तीची कामे बाहेर देतो. ती कामे घेणारे मोठे ठेकेदार, त्यांच्याकडून उपठेका घेणारे लहान, आणि त्यांच्यासाठी लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन करणारे त्याहून लहान, अशी ही उतरंड आहे. वरच्या पायरीवर पैसे एक महिना थांबले तर खालच्या पायरीवर तीन महिने थांबतात. म्हणून दिल्लीत एखादा नियम बदलला की त्याचा खरा अर्थ इथे लवकर कळतो.

सुरुवात जीएसटीपासून करू. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले. मुख्य दर ५ आणि १८ टक्के राहिले, आणि चैनीच्या व हानिकारक वस्तूंसाठी ४० टक्के ठेवले गेले. सिमेंट २८ वरून १८ वर आले, मालवाहू ट्रक आणि टायरही. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर गेला. लोखंड-पोलाद १८ टक्क्यांवरच राहिले. वर्तमानपत्रांनी या दरांचे तक्ते छापले, पण भिलाईच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन बदल त्या तक्त्यांच्या तळाशी राहून गेले.

पहिला बदल कोळशाचा. आधी कोळशावर ५ टक्के जीएसटी आणि टनामागे ४०० रुपये नुकसानभरपाई उपकर होता. आता उपकर गेला आणि जीएसटी १८ टक्के झाला. कागदावर ही दरवाढ दिसते. पण त्या ४०० रुपयांची वजावट पोलाद बनवणाऱ्याला कुठेच मिळत नव्हती, कारण पोलादावर उपकर नव्हता आणि उपकराची रक्कम जीएसटीतून वळती करता येत नव्हती. १८ टक्के मात्र पूर्ण वळते करता येतात. वीज बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. वीज जीएसटीबाहेर असल्याने त्यांना वजावट मिळत नाही. तरीही टनाला सुमारे ३,०७७ रुपयांपेक्षा स्वस्त असलेल्या कोळशावर त्यांचाही एकूण करभार घटतो, आणि छत्तीसगढच्या खाणींतला हलक्या प्रतीचा बराच कोळसा त्या मर्यादेखालीच येतो. उपकर काढण्याचा हा निर्णय मला या सगळ्या दरबदलांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

दुसरा बदल उलट्या दिशेचा आहे. नोंदणीकृत कारखानदाराने पाठवलेल्या मालावर टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग असे यंत्रकाम करून देणाऱ्याची सेवा ‘इतर जॉबवर्क’ या गटात मोडत होती. तिच्यावर १२ टक्के कर होता, तो आता १८ झाला आहे. अर्थमंत्रालयाचा युक्तिवाद सरळ आहे. समोरचा कारखानदार पूर्ण वजावट घेतो, मग जॉबवर्क करणाऱ्याचे नुकसान काय? नुकसान वेळेचे आहे. समजा एका वर्कशॉपने १ लाखाचे काम करून बिल दिले. आधी १२,००० रुपये कर भरायचा होता, आता १८,०००. सेवेच्या बाबतीत बिल काढले की कराची जबाबदारी उभी राहते, पैसे आले नाहीत तरी. म्हणजे पुढच्या महिन्यात १८,००० रुपये सरकारजमा करायचे, आणि ग्राहकाने तीन महिन्यांनी पैसे दिले तर तोवर ती रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून व्याजाने ओढायची. दुसरीकडे, ज्या कारखानदाराने अजून एक रुपयाही दिलेला नाही, तो त्याच १८,००० रुपयांची वजावट आपल्या विवरणात घेऊन मोकळा होतो. कायद्याने त्याला पैसे चुकते करायला १८० दिवस दिले आहेत. तेवढ्या दिवसांत दिले नाहीत तरच वजावट परत करावी लागते. सरकारला कर मिळाला, खरेदीदाराला वजावट मिळाली, आणि दोघांच्या मधला माणूस आपल्या भांडवलावर दोघांना पोसत राहिला.

भंगाराच्या धंद्यात तर कागदांची साखळीच तयार झाली आहे. पोलादाच्या गावात भंगार हा कच्चा माल असतो. मिनी स्टील प्लांट आणि फाउंड्री त्यावर चालतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा की नोंदणी नसलेल्या माणसाने नोंदणीकृत व्यापाऱ्याला धातूचे भंगार विकले तर कर विकत घेणाऱ्याने भरायचा. त्यापुढे एका नोंदणीकृताने दुसऱ्या नोंदणीकृताला अडीच लाखांहून अधिक किमतीच्या सौद्यात भंगार विकले, तर खरेदीदाराने २ टक्के जीएसटी-टीडीएस कापायचा, त्यासाठी वेगळी नोंदणी घ्यायची आणि दर महिन्याच्या दहा तारखेला वेगळे विवरण द्यायचे. शिवाय आयकराचा टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने खरेदीदाराकडून वसूल करायचा कर, आहेच. तो १ टक्का होता, आणि फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात भंगार, कोळसा आणि लोहखनिज यांच्यासाठी तो २ टक्के करण्याची घोषणा झाली. माल उत्पादनासाठी घेत असल्याचे घोषणापत्र खरेदीदाराने दिले तर यातून सुटका होते, पण ते घोषणापत्र वेळेवर मागणे आणि जपून ठेवणे हे विकणाऱ्याच्या गळ्यात.

या नियमांमागचे कारण मला मान्य आहे. भंगाराच्या धंद्यात खोट्या बिलांची कीड मोठी होती. माल न हलता बिले फिरत होती आणि वजावटीच्या नावाखाली सरकारी तिजोरी लुटली जात होती. ती साखळी तोडायची तर कुठेतरी खिळा ठोकावा लागतोच. फक्त २ टक्के इथे आणि २ टक्के तिथे कापले गेल्यावर, ज्या व्यापाऱ्याचा नफाच दोन-तीन टक्क्यांचा आहे त्याची रक्कम परतावा किंवा समायोजन होईपर्यंत सरकारकडे पडून राहते. प्रामाणिक माणसाचीही.

तेंदूपत्त्याची बातमी त्यामानाने चांगली आहे, आणि ती गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांनाही थेट लागू होते. तेंदूपत्त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, बिडीवरचा २८ वरून १८ वर. अर्थसंकल्पाने तेंदूपत्त्यावरचा टीसीएसही ५ वरून २ टक्के करण्याचे जाहीर केले. जंगलातून पाने गोळा करणाऱ्याच्या मजुरीवर याचा किती परिणाम होतो हे राज्याच्या लघु वनोपज संघाच्या दरावर ठरेल. पण व्यापाऱ्याची आगाऊ अडकणारी रक्कम निम्म्याहून अधिक घटते हे निश्चित.

राज्य सरकारनेही आपल्या परीने नियम हलवले. २४ मे २०२४ पासून छत्तीसगढने राज्यातल्या राज्यात ५० हजारांवरचा माल नेताना ई-वे बिल सक्तीचे केले. त्याआधी जिल्ह्याच्या आत माल नेताना सूट होती. खुर्सीपारहून हथखोजला एक शाफ्ट पाठवायचा तरी बिल काढा, अशी वेळ आली तेव्हा ओरड होणे साहजिक होते. पुढे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ओ. पी. चौधरी यांनी ही मर्यादा १ लाखावर नेण्याची घोषणा केली, आणि दहा वर्षांहून जुनी, २५ हजारांपर्यंतची व्हॅटची थकबाकी माफ करण्याचा निर्णयही झाला. जुन्या थकबाकीच्या नोटिसांनी त्रासलेल्या किरकोळ दुकानदारासाठी हा दिलासा मोठा आहे.

जीएसटीतल्या बाकीच्या बदलांचे सूत्र एकच दिसते, मोकळीक कमी आणि यंत्र जास्त. जुलै २०२५ च्या करकालावधीपासून विक्रीच्या विवरणातून भरण्याच्या विवरणात आलेला आकडा हाताने बदलता येत नाही. तीन वर्षांहून जुनी विवरणे आता भरताच येत नाहीत. १० कोटींहून अधिक उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवावेच लागते. उलट बाजूला, १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या आणि महिन्याला अडीच लाखांपर्यंत करदायित्व असलेल्या नव्या अर्जदारांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळू लागली. नोंदणीसाठी महिनोन्‌महिने ताटकळलेल्या तरुण उद्योजकांना या एका नियमाने खरोखर हात दिला. आणि जीएसटी लागू झाल्यानंतर आठ वर्षांनी, २४ सप्टेंबर २०२५ ला, अपील न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. जुनी अपिले दाखल करण्यासाठी ३० जून २०२६ ही मुदत दिली आहे. ज्यांच्या फायली कपाटात पडून आहेत त्यांनी ही तारीख विसरू नये.

आयकराकडे वळल्यावर सूर थोडा बदलतो. आयकर कायदा, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. १९६१ च्या कायद्यात दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन ८१९ कलमे झाली होती, ती ५३६ वर आली. शब्दसंख्या जवळपास निम्मी झाली. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ हा साठ वर्षांचा गोंधळ संपून एकच ‘कर वर्ष’ आले. टीडीएसच्या इकडेतिकडे विखुरलेल्या तरतुदी, पगाराचा भाग सोडून, ३९३ या एका कलमात तक्त्यांच्या रूपात गोळा केल्या. हे काम स्वागतार्ह आहे. पण नवा कायदा मुख्यतः जुन्याचीच नीट मांडणी आहे, करधोरण तेच आहे, हेही वाचकाने लक्षात घ्यावे. जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालतील, म्हणजे पुढची काही वर्षे दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवावी लागतील.

पगारदारांसाठी खरा बदल त्याआधीच झाला. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीमुळे पगारदाराला ही मर्यादा १२.७५ लाखांची पडते. भिलाईच्या कितीतरी कामगार कुटुंबांच्या हातात त्यामुळे चार पैसे जास्त राहिले. ज्येष्ठांच्या ठेवींवरच्या व्याजाला टीडीएसची मर्यादा १ लाख झाली. कारखान्यातून निवृत्त होऊन मुदत ठेवींवर जगणाऱ्यांना बँकेत अर्ज घेऊन जाण्याचा फेरा त्यामुळे वाचला. भागीदारीच्या धंद्यांना मात्र एक नवे ओझे आले. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांहून अधिक पगार, व्याज किंवा कमिशन दिले तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. दोन भावांनी चालवलेल्या फॅब्रिकेशनच्या दुकानालाही.

आता या आढाव्याचा गाभा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. डिसेंबर २०२५ च्या कपातीनंतर बँक दर ५.५० टक्के झाला, म्हणजे हे व्याज १६.५ टक्के होते. कायदा इतका कडक असूनही तो वापरणारे कमी, कारण व्याज मागितले की पुढचे काम जाते. हे भिलाईत सांगायला नको, इचलकरंजीत आणि चाकणमध्येही सांगायला नको.

म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक नवी खुंटी मारली. ४३बी कलमाच्या एच उपकलमानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. जेव्हा प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट. १ एप्रिल २०२४ पासूनच्या कर निर्धारण वर्षाला हे लागू झाले आणि नव्या कायद्यातही टिकले. पहिल्यांदाच देणेकऱ्याच्या खिशाला थेट चटका बसला. मार्चअखेर जवळ आली की खरेदी खाते पुरवठादाराला स्वतः फोन करून विचारू लागले, उद्यम नोंदणी आहे का?

याचे दुष्परिणामही झाले. ४५ दिवसांत पैसे द्यायचे नाहीत अशा खरेदीदारांनी मध्यम उद्योगांकडे किंवा नोंदणी नसलेल्यांकडे कामे वळवल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. १ एप्रिल २०२५ ला उद्योगांची व्याख्या बदलली आणि या पळवाटेला बराच बांध बसला. आता लघु उद्योग म्हणजे २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. आधी हे आकडे १० आणि ५० कोटी होते. कालपर्यंत मध्यम असलेले अनेक कारखाने लघु झाले, आणि त्यांच्या बिलांनाही ४५ दिवसांचे कवच मिळाले. या बदलाची चर्चा कर्ज आणि सवलतींच्या अंगाने झाली. वसुलीच्या दृष्टीने तो किती मोठा आहे हे फारसे कुणी सांगितले नाही. तरीही निव्वळ व्यापारी, म्हणजे माल घेऊन विकणारा, या कलमाच्या बाहेरच राहिला. बेअरिंग, वेल्डिंग रॉड, सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांची उधारी कुठल्याच कायद्याच्या छत्राखाली नाही.

दुसरा मार्ग आहे ट्रेड्स. या मंचावर पुरवठादाराचे बिल खरेदीदाराने मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात. पुढे खरेदीदाराने बँकेला पैसे बुडवले तरी पुरवठादाराकडे वसुली येत नाही. २०१८ पासून सर्व केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना आणि ५०० कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांना यात नोंदणी सक्तीची झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा २५० कोटींवर आणली गेली. पण नोंदणी करणे वेगळे आणि बिल मान्य करून चढवणे वेगळे. नुसत्या नोंदणीने कुणाच्या खात्यात पैसे येत नाहीत. म्हणूनच फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पातली घोषणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केंद्रीय उपक्रमांनी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांकडून केलेल्या सर्व खरेदीचा व्यवहार ट्रेड्सवरूनच व्हावा, असे तिच्यात म्हटले आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सेलचा, सेल केंद्रीय उपक्रम. ही घोषणा पूर्ण अमलात आली तर उतरंडीची पहिली पायरी मोकळी होईल. मात्र खुर्सीपारमधले बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहेत. मुख्य ठेकेदाराला ट्रेड्सवर दोन दिवसांत पैसे मिळाले, पण त्याने आपल्या उपठेकेदाराला चार महिन्यांनी दिले, तर सुधारणा तिथेच अडेल. नियम करायचा असेल तर तो खालच्या पायरीपर्यंत न्यावा.

बँकांच्या बाजूने बरेच काही पुरवठादाराच्या हिताचे झाले. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर, सूक्ष्म-लघु उद्योगांकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. प्रादेशिक ग्रामीण बँकांसाठी ही सूट ५० लाखांपर्यंतच्या कर्जांना आहे. म्हणजे एक बँक महाग पडली तर दंड न भरता दुसरीकडे जाता येते. तारणाशिवाय द्यायच्या कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाखांवर नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२६ मध्ये जाहीर केला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर वटवले जाऊ लागले. सकाळी भरलेला धनादेश त्याच दिवशी जमा होण्याची सोय झाली. तीन तासांत निकाल लावण्याचा पुढचा टप्पा मात्र लांबणीवर पडला. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. सोनेतारण कर्जाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून आले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत दिले नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पगार वाटायला घरचे दागिने गहाण ठेवणारा छोटा ठेकेदार मी कमी पाहिलेला नाही, म्हणून हा शेवटचा नियम मला मनापासून आवडला.

पण बँकेचा एक जुना नियम तसाच आहे. हप्ता किंवा खाते ९० दिवस थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. ग्राहक १२० दिवसांनी पैसे देतो आणि बँक ९० दिवसांनी खाते लाल करते. सरकारी मोठ्या खरेदीदाराचे मान्य बिल हातात असूनही. इथे रिझर्व्ह बँकेने ट्रेड्सवर मान्य झालेल्या बिलांपुरती तरी वेगळी वागणूक द्यायला हवी.

भिलाईच्या बाबतीत बँकिंगची दुसरी बाजू टाळता येणार नाही. महादेव सट्टा ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने सांगितले की पैसा बेनामी बँक खात्यांच्या जाळ्यातून फिरवला गेला. या ॲपचे प्रवर्तक भिलाईचे. थोड्या पैशांसाठी आपले खाते, सिमकार्ड, एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारी मुले अशाच कामगार वस्त्यांतून मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी भाड्याची खाती शोधणारी ‘म्यूलहंटर’ प्रणाली आणली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. हे व्हायलाच हवे होते. पण एखाद्या तक्रारीत साखळीच्या टोकाला नाव आले म्हणून दुकानदाराचे चालू खाते गोठते, आणि ते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. त्यासाठी ठरावीक दिवसांची मुदत आणि सुनावणीची एकच पद्धत देशभर असणे गरजेचे आहे.

कंपनी कायद्याबाबत थोडक्यात. खुर्सीपारमधली बहुतेक दुकाने एकल मालकीची किंवा भागीदारीची, कंपन्या थोड्या. ज्या आहेत त्यांचे निबंधक कार्यालय बिलासपूरला. १ डिसेंबर २०२५ पासून लघु कंपनीची व्याख्या १० कोटी भांडवल आणि १०० कोटी उलाढालीपर्यंत वाढली. त्यामुळे कमी बैठका, सोपे वार्षिक विवरण आणि कमी दंड यांचा लाभ बऱ्याच जणांना मिळाला. संचालकांचे केवायसी आता दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा. आणि मध्यम व लहान शहरांत छोट्या उद्योगांना स्वस्तात अनुपालनाची मदत करणारे ‘कॉर्पोरेट मित्र’ तयार करण्याची अर्थसंकल्पातली कल्पना भिलाईसारख्या गावासाठी उत्तम आहे. इथल्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना तिच्यातून घरबसल्या व्यवसाय मिळू शकतो.

कामगार संहितांचे वजन याहून जास्त आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, चाळीशीवरच्यांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी, आणि एकूण मोबदल्याच्या निम्मे तरी वेतन म्हणून धरणे. ठेक्यावर राबणाऱ्या खुर्सीपारच्या माणसाला याची किती गरज होती हे सांगायला नको. या तरतुदी कुठल्याही कारणाने पातळ होऊ नयेत असे माझे ठाम मत आहे. पण ठेका घेतानाचे दर जुने, आणि ग्रॅच्युइटी-निधीचा खर्च नवा, हा फरक ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून भरावा असे मोठ्या खरेदीदारांनी गृहीत धरले, तर तो फरक शेवटी कामगाराच्याच हजेरीतून कापला जाईल. चालू करारांत दरवाढीचे कलम घालणे ही मूळ मालकाची जबाबदारी आहे.

या सगळ्या बदलांनंतर माझा निष्कर्ष असा. सरकारने स्वतःची वसुली यंत्रावर टाकली आणि छोट्याची वसुली त्याच्या हिमतीवर सोडली. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये बिलाची तारीख, रक्कम, दोन्ही पक्षांचे क्रमांक सगळे आहे. वजावट घेतली की नाही हेही पोर्टलला माहीत असते. मग ४५ दिवस उलटल्यावर खरेदीदाराला आपोआप सूचना जाणे, आणि १८० दिवसांऐवजी ४५ दिवसांनंतरच त्याची वजावट थांबणे, यात तांत्रिक अडचण काय? दुसरी मागणी याहून साधी आहे. ठरावीक उलाढालीपर्यंतच्या पुरवठादाराला पैसे हातात आल्यावर कर भरण्याची मुभा द्यावी. हे काही नवे नाही. सेवाकर २०११ पर्यंत पैसे आल्यावरच भरला जात होता, आणि त्यानंतरही ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती व भागीदारी संस्थांना ती सवलत होती. ब्रिटनमध्ये १३.५ लाख पौंडांपर्यंत उलाढालीच्या धंद्यांना व्हॅट अशाच रोख पद्धतीने भरता येतो. जॉबवर्कचा दर १८ टक्के केला त्याच दिवशी ही सवलत परत आणायला हवी होती.

तोवर छोट्या उद्योजकाने आपल्या हातात आहे ते करावे. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती काम सुरू करण्याआधी घ्यावी आणि क्रमांक प्रत्येक बिलावर, प्रत्येक चलनावर छापावा. माल पोचल्याची तारीख सही-शिक्क्यासह घ्यावी, कारण पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर कायद्याने माल स्वीकारला असेच धरले जाते आणि मुदत माल पोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते. थकलेल्या रकमेसाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाता येते, आणि जून २०२५ पासून हा वाद ऑनलाइनही चालवता येतो. परिषदेने दिलेल्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला निर्णयाच्या रकमेपैकी ७५ टक्के आधी भरावे लागतात. एकट्याने तक्रार केली तर काम जाण्याची भीती खरी आहे, म्हणून एकाच ग्राहकाकडे अडकलेल्या पुरवठादारांनी आपापले अर्ज एकाच आठवड्यात, एकत्र ठरवून दाखल करावेत.